पात्याने पडली की बर्फाने?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्याच सकाळी, फादरनी कपाळाला राख लावली आणि ओडेटबाई लारॉक यांनी तिथल्या तिथे, गुडघ्यांवर असतानाच नेम धरला. ईस्टरपर्यंत किरकिर करायची नाही. कशाबद्दलही नाही, कुणापाशीही नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही.

मागची कित्येक वर्षं त्या या दिवसांत गोड सोडत. पण गेल्या ईस्टरला त्यांचे यजमान आर्मंड हॅमचा तुकडा तोंडात घोळवत म्हणाले होते, "ओडेट, गोड सोडलंस की तू कडू होतेस, आणि उपास मला घडतो." बोलण्यात तथ्य होतं. बाई चाळीस दिवस चॉकलेटला शिवत नसत खऱ्या, पण त्याचा सगळा सूड आर्मंडच्या मोज्यांवर, त्यांच्या घोरण्यावर आणि उघड्या राहिलेल्या दारांवर उगवत. म्हणून यंदा मुळावरच घाव. आता चॉकलेटचं एक बरं असतं, ते कपाटात ठेवून कुलूप लावता येतं. किरकिरीचा मुक्कामच जिभेवर, तिला कुलूप कुठून लावणार? पण घेतला वसा टाकायचा नाही, असा बाईंचा बाणा होता.

देवाला हा नेम फारच आवडला असावा. कारण परीक्षा पाठवायला त्याने संध्याकाळसुद्धा होऊ दिली नाही. दुपारी फोन वाजला. पलीकडे थॉर्नबी गावच्या पंचमंडळाचे अध्यक्ष गॉर्डन पाइक.

"ओडेट, तुम्ही अजून कुंपणपंच आहात ना?"

बाईंना क्षणभर आठवावं लागलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, गावागावांतून हे पद फार जुनं. दोन शेजाऱ्यांच्या गाई एकमेकांच्या कुरणात शिरायच्या त्या काळचं. कुंपण कुणी दुरुस्त करायचं, यावर पंचाने निवाडा द्यायचा. पुढे गाई गेल्या, गाईंमागे कुंपणं गेली, पद मात्र राहिलं. दर मार्चमधल्या गावसभेत ओडेटबाईंचं नाव वाचलं जाई, लोक टाळ्या वाजवत, बाई खुर्चीतून अर्धवट उठून पुन्हा बसत. एवढंच त्यांचं शासकीय कार्य.

"आहे बहुतेक," बाई म्हणाल्या.

"मग काम आलंय. परवाच्या बर्फाच्या वादळात बीव्हर हिलच्या रस्त्यावरच्या टपालपेट्या पडल्या. एकूण एक. सगळे भरपाई मागताहेत. नियम तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या बर्फ सारणाऱ्या ट्रकच्या लोखंडी पात्याने पेटी पाडली तर गाव नवी पेटी देतं. पात्याने उडवलेल्या बर्फाने पडली तर ज्याचं त्याने बघायचं. कोणती कशाने पडली, हे तुम्ही ठरवा."

"पण गॉर्डन, मी कुंपणांची पंच आहे."

"कुंपणाला खांब असतो. पेटीला खांब असतो. वकिलाला विचारलं तर तो बिल पाठवेल, म्हणून मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, खांब तो खांब."

बाईंच्या जिभेवर काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं. नेमाला अजून सहा तासही झाले नव्हते.

"आणि एक," गॉर्डनचा आवाज खाली आला. "गावसभेत यंदा ठराव येतोय. ट्रक विकायचा आणि बर्फाचं काम शहरातल्या ठेकेदाराला द्यायचं. ड्वाइटने पेट्या पात्याने ठोकल्यात असं निघालं, तर ठराव झालाच म्हणून समजा. मी काही सांगत नाही हं. तुम्ही फक्त खरं काय ते सांगा."

फोन ठेवल्यावर बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. खरं काय ते सांगा! जगात याहून अवघड काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

ड्वाइट फार्नम गावाचा ट्रक चालवी. तो आणि ओडेटबाई एकाच शाळेत, एकाच वर्गात. नाताळच्या नाटकात त्या मारिया होत असत आणि ड्वाइट गाढव. तो गव्हाणीतलं गवत खरोखरच खात असे. पुढे बायको वारली, मुलं दूर गेली, आणि ड्वाइटचा संसार त्या केशरी ट्रकमध्ये हलला. थर्मास, रेडिओ, कोरडे मोजे, सगळं तिथे. ट्रक विकला तर तो माणूस हिवाळ्यात करणार काय?

दुसऱ्या दिवशी त्या गावाच्या गॅरेजात गेल्या. ड्वाइट ट्रकखालून पायांकडून बाहेर आला.

"मी एकही पेटी पाडलेली नाही," हे त्याचं सुप्रभात.

"ड्वाइट, बीव्हर हिलवर एकही पेटी उभी नाही."

"त्या पडल्या. मी पाडल्या नाहीत. फरक आहे. मी बर्फ रस्त्याच्या कडेला सारतो. पुढे तो कुठे जातो, कुणाच्या संगतीला लागतो, ते त्याचं तो जाणे."

"आणि पातं?"

"पातं? पातं माझ्या हातात चमच्यासारखं असतं, ओडेट. जेवणाच्या चमच्यासारखं!"

बाईंची नजर नकळत त्याच्या शर्टावर गेली. कालचं सूप तिथे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी नजर ट्रककडे वळवली. नेम.

पुरावा कसा शोधायचा हे त्यांना आर्मंडने सांगितलं. आर्मंड निवृत्त झाल्यापासून टीव्हीवरच्या खुनांचा तपास घरबसल्या लावत असत. "पातं केशरी आहे," ते म्हणाले. "जिथे लागेल तिथे रंग सोडणार. भिंग घेऊन जा. केशरी ओरखडा सापडला की पातं. नाही सापडला की बर्फ. पाव तासाचं काम."

पाव तासाच्या कामाला बाई भिंग घेऊन निघाल्या त्या मिसेस ब्लांश टटल यांच्याकडे. मिसेस टटल बीव्हर हिलवरच्या सर्वांत वडीलधाऱ्या, आणि चर्चमध्ये गीतपुस्तकं वाटण्याचा मान त्यांच्याकडे. त्यांनी चेपलेल्या पेटीचे अवशेष बाहेरच्या थंडीत राहू दिले नव्हते. बैठकीच्या सोफ्यावर, लोकरीच्या पांघरुणात नीट गुंडाळून ठेवले होते.

"या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघून घ्या शेवटचं."

बाईंनी पांघरूण उलगडलं. पेटी केशरी होती. ओरखडा नव्हे, डाग नव्हे; मुळापासून झाकणापर्यंत, आतून बाहेरून केशरी.

"हा रंग...?"

"ड्वाइटनेच दिला! मागच्या हिवाळ्यात घरोघर फिरून म्हणाला, पेट्या केशरी करा, म्हणजे मला बर्फात दिसतील. गॅरेजात ट्रकचा उरलेला डबा होता तो वाटला. सगळ्या रस्त्याने लावला."

बाईंनी भिंग पर्समध्ये ठेवलं. केशरी पात्याचा केशरी ओरखडा केशरी पेट्यांवर शोधायचा होता. काळ्या मांजराचा काळा केस काळ्या कोटावर शोधायला सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने शोधला असता.

"आणि ऐका," मिसेस टटल म्हणाल्या, "पातंच होतं ते. मी आवाज ऐकला. धाड्! बर्फाचा आवाज फस्स् असतो. आता सफरचंदाचा पाय खाऊन जा."

सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला तो पाय खाल्ल्याशिवाय सुटका नव्हती, आणि राहिलेला अर्धा पाय पत्र्याच्या भांड्यासकट हातात देण्यात आला. पुढच्या घरी मेपलचा. त्याच्या पुढच्या घरी भोपळ्याचा. प्रत्येक घरात धाड्, प्रत्येक घरात पाय, आणि प्रत्येक घरात ड्वाइटच्या बारीकसारीक कागाळ्या: भोंगा वाजवतो, डोकावतो, नको ते विचारतो. संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर पायांची चळत बघून बाईंना घाम फुटला. पंचाने पक्षकाराचं खावं का? शास्त्रात काय आहे? पण पाय परत केला तर त्या घराशी सात पिढ्यांचं वैर. शेवटी त्यांनी स्वतःपुरता मधला मार्ग काढला. सगळे पाय आर्मंडने खावेत. आर्मंड पंच नव्हते.

"लाच मी पचवतो," ते काटा उचलत म्हणाले. "तू न्याय कर."

रस्त्याच्या शेवटी राहत प्रेस्टन येट्स. बॉस्टनहून आलेले, गावात दुसराच हिवाळा. त्यांची पेटी म्हणजे हातभर लांबीचा ट्राउट मासा होता. शेपटी उभारलेली, तोंड उघडं, पत्र त्या तोंडात टाकायचं. केशरी रंगाला त्यांनी साफ नकार दिला होता.

"मिसेस लारॉक, माशाला केशरी रंग? हा कलाकाराकडून करून घेतलाय. डोळे खऱ्या काचेचे आहेत."

मासा मधोमध फुटून अंगणातल्या टेबलावर पडला होता. बाईंनी भिंग काढलं. आणि त्याच्या हिरव्यागार पोटावर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, केशरी पट्टा ओढलेला. शंकेला जागाच नाही.

ओडेटबाई तशाच गॅरेजात गेल्या. या खेपेला ड्वाइट ट्रकखालून लवकर बाहेर येईना.

"ड्वाइट, मासा."

खाली पान्याची टकटक वाढली. मग खालून आवाज आला, "तो माझ्याकडे बघत होता."

"काय?"

"हेडलाइट पडला आणि त्याचे डोळे चमकले. मला वाटलं हरिण. हरिण उजवीकडे पळतं म्हणून मी डावीकडे घेतलं. हा पळालाच नाही, ओडेट! जागचा हललाच नाही!"

"पेटी आहे ती."

"आता कळलं ना. तेव्हा ते हरिण होतं."

"मी हे सभेत सांगणार आहे."

ट्रकखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "सांग," ड्वाइट म्हणाला. "तू लपवलंस तर बाकीच्या पेट्यांबद्दल तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? पण बाकीच्या मी नाही पाडल्या. देवाशपथ."

बाईंचा त्याच्यावर विश्वास होता. अडचण एवढीच, की गावाचा नव्हता, आणि केशरीवर केशरी पुरावा नव्हता. तेव्हा कुणीतरी प्रयोगाची कल्पना काढली. कुणी काढली याबद्दल पुढे फार वाद झाले. आर्मंड म्हणतात गॉर्डनने, गॉर्डन म्हणतात आर्मंडने. ड्वाइटने नेहमीच्या वेगाने ट्रक हाकावा, पातं लांब ठेवावं, नुसता बर्फ उडवावा, आणि उभी पेटी पडते का ते गावाने डोळ्यांनी बघावं. बीव्हर हिलवर पेटी शिल्लक नव्हती. चर्चच्या रस्त्यावर, लारॉकांच्या फाटकापाशी मात्र एक उभी होती.

ती पेटी आर्मंडच्या निवृत्त जीवनाचं शिखर होती. देवदाराचा खांब, जमीन गोठते त्याच्याही खाली गाडलेला, भोवती काँक्रीट. पाहुणा आला की आर्मंड त्याला आधी पेटी दाखवत, मग घर. "घ्या हीच," ते उदारपणे म्हणाले. "बर्फाची काय बिशाद."

शनिवारी सकाळी अख्खं गाव चर्चच्या रस्त्याला जमलं. कॉफी आली, डोनट आले. कुणीतरी घडीच्या खुर्च्या आणल्या. आदल्या दिवशी भुरभुर बर्फ पडला होता. ड्वाइट दूर वळणावर भोंगा वाजवून सुटला, पात्यापुढून पांढरा पिसारा उठला, पेटीवरून गेला, आणि खाली बसला.

पेटी जशीच्या तशी. वर थोडी साखर भुरभुरल्यासारखी दिसत होती, इतकंच.

"शाबास!" आर्मंड ओरडले आणि टोपी हवेत उडवली. टोपी खाली येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की आनंद झालेले आपण एकटेच नाही, आणि लोक वेगळ्याच कारणाने टाळ्या वाजवताहेत.

"म्हणजे बर्फाने पडत नाही!" मिसेस टटल काठी उंचावून म्हणाल्या. "मी सांगत होतेच. धाड्!"

ड्वाइट ट्रकमधून उतरला तेव्हा त्याच्याशी कुणी बोललं नाही. ओडेटबाईंनी त्याला डोनट दिला. त्याने तो हातातच धरून ठेवला. गरिबाला वाचवायला निघालो आणि आपल्याच फाटकापाशी त्याला फाशी दिली, असं बाईंना झालं. रात्रीच्या जेवणाला त्या सूप नुसतंच ढवळत बसल्या. किरकिर न करण्याचा याहून कडक दिवस त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

आर्मंडचंही जेवणात लक्ष नव्हतं. पण त्यांचं कारण वेगळं होतं. ते खुर्चीतून उठताना कंबर धरून म्हणाले, "आई गं! त्या वादळानंतर फावडं मारलं तेव्हापासून ही अशीच आहे."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "आणि काल? काल काय झालं कंबरेला?"

"काल कुठे फावडं लागलं? झाडूनेच काढला. पीठच होतं ते."

"आर्मंड!" बाई उभ्याच राहिल्या. "वादळाचा बर्फ ओला होता!"

हे खरं तर थॉर्नबीतल्या शेंबड्या पोरालाही कळायला हवं होतं. भुरभुरीत बर्फ वाऱ्यावर उडतो. ओला बर्फ म्हणजे उडतं सिमेंट. पण गावाला त्या दिवशी डोनट मिळाले होते आणि गुन्हेगारही मिळाला होता. मग कोण विचार करतो? बाईंनी गॉर्डनना फोन करून कळवलं, की आर्मंडच्या कंबरेच्या साक्षीवरून आपण प्रयोग पुन्हा घेणार आहोत, ओल्या बर्फात.

"पण गावसभा मंगळवारी आहे, ओडेट. ओला बर्फ कुठून आणणार?"

"मागते," बाई म्हणाल्या, आणि खरंच मागितला. प्रार्थनेत सहसा त्या जगाची शांती मागत. त्या रविवारी त्यांनी किंचित ओशाळून ओला बर्फ मागितला.

सोमवारी दुपारी तो आला. असा आला की चर्चच्या घंटेची दोरी ओली होऊन आपोआप ताणली गेली. लोक पुन्हा जमले. या वेळी कॉफी होती, डोनट नव्हते, आणि सगळ्यांना आपण जिंकलेलं काहीतरी परत जाणार अशी धास्ती होती. पंचाने जवळून पाहायला हवं म्हणून बाई पेटीपासून थोड्याच अंतरावर उभ्या राहिल्या. अंगात चर्चचा निळा कोट. शासकीय कामाला साधा कोट घालून कसं चालेल?

ड्वाइट सुटला. पात्यापुढून उठलं ते पिसाऱ्यासारखं काही नव्हतं, भिंत होती. ती भिंत पेटीवर कोसळली. फस्स् नाही की काही नाही. धाड्!

भिंत खाली बसली तेव्हा खांब होता, पेटी नव्हती. आणि ओडेटबाईही नव्हत्या.

"खांब उभा आहे!" हे आर्मंडचे पहिले शब्द. बायकोबद्दलचे दुसरे. पुढे कित्येक दिवस त्यांना हा क्रम घरात समजावून सांगावा लागला. पेटी आठ-दहा हातांवर, कुंपणापलीकडे, झाकण उघडं टाकून पडली होती. बाईंना मिसेस टटल यांनी काठीने टोचून हुडकलं आणि ड्वाइटने हातांनी उकरून काढलं. टोपी गेली होती, एक बूट आतच राहिला होता, निळा कोट पांढरा झाला होता. सगळं गाव पुढे सरकलं. बाईंचा नेम आर्मंडच्या कृपेने गावाला ठाऊक होता. आता तो मोडतो का, हेच बघायचं होतं.

बाईंनी तोंडातला बर्फ बाहेर काढला.

"बर्फाने पडली," त्या म्हणाल्या. "आणि माझी साक्ष पक्की आहे. मीही बर्फानेच पडले."

निवाडा लागला. ड्वाइट सुटला. एवढ्यावर थांबलं असतं तर ओडेटबाईंनी त्याच पावली चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली असती. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की कुणी हसत नाही आहे. बर्फाने पडली म्हणजे भरपाई नाही. अख्ख्या बीव्हर हिलची भरपाई त्यांनी स्वतःच्या तोंडाने बुडवली होती.

त्याच संध्याकाळी गॉर्डनचा फोन. "ओडेट, तुम्ही न्याय केलात. पण बीव्हर हिल सगळी खवळलीय. पेट्या मिळत नाहीत तर ड्वाइट तरी जाऊ दे, असं म्हणताहेत. ठरावाच्या बाजूने हात वर करणार. वर त्या माशाचं आहेच." म्हणजे खोटं ठरलं असतं तरी ड्वाइट गेला असता, आणि खरं ठरलं तरी ड्वाइटच जाणार. आगीतून निघून फुफाट्यात. बाईंनी जेवणावरचा आशीर्वाद म्हटला, आणि आमेनच्या आधी ड्वाइटचं नाव घातलं.

मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरली. दारापाशी लांब टेबलावर प्रत्येक घराने आणलेलं जेवण: उकडलेल्या घेवड्याची भांडी, कोशिंबिरी, पाव. बाईंना पाहून मिसेस टटल यांनी मान फिरवली. ट्रकवाल्या ठरावाची पाळी आली तेव्हा सभा चालवणाऱ्याने कुंपणपंचांना निवेदन करायला सांगितलं. या खेपेला बाईंना पुरतं उभं राहावं लागलं. टाळ्या नव्हत्या.

"सगळ्या पेट्या बर्फाने पडल्या," त्या म्हणाल्या. "एक सोडून. मिस्टर येट्सचा मासा पात्याने फुटला. पट्टा मी पाहिला आहे."

"त्याने माझ्याकडे बघितलं!" मागच्या रांगेतून ड्वाइट ओरडला.

सभेत हशा पिकला, पण गोड नव्हता. सभा चालवणाऱ्याने हातोडी आपटली. "आणखी काही?"

बाई बसणारच होत्या. पण काय झालं कोण जाणे, कदाचित अजूनही कानात बर्फ असेल, त्यांना वाटलं, इतके दिवस आपण किरकिर केली नाही, फक्त ऐकली. मग ती नीट ऐकूनच का घेऊ नये?

"मला पेट्यांबद्दल विचारायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण ज्यांची ड्वाइटबद्दल दुसरी काही तक्रार असेल त्यांनी आत्ता सांगावी. ठेकेदार आल्यावर ती करता येणार नाही."

प्रेस्टन येट्स ताडकन उठले. "आहे! हा माणूस पहाटे माझ्या दारापुढे थांबून भोंगा वाजवतो. रोज नाही, अधूनमधून. का, ते विचारा!"

"धुराड्यातून धूर दिसला नाही की वाजवतो," ड्वाइट म्हणाला. "तू नवा आहेस. चूल विझली आणि झोपेत गोठलास तर आम्हाला काय एप्रिलमध्ये कळायचं? दिवा लागला की मी जातो."

प्रेस्टन उभेच राहिले. मग सावकाश बसले.

"माझीही आहे!" मिसेस टटल उठल्या. "वादळाच्या दिवशी हा बुटांसकट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. सगळी फरशी ओली! म्हणतो, मिसेस टटल, जिवंत आहात का? मी म्हटलं, मेल्या, दिसत नाही का? तर म्हणतो, दिसतं, पण ऐकल्याशिवाय जात नाही. वर लाकडं आत आणून टाकली, आणि माझं सूप संपवलं!"

"सूप तुम्ही दिलंत," ड्वाइट म्हणाला.

"तू भांड्याकडे बघत होतास!"

"मिसेस टटल," ओडेटबाईंनी विचारलं, "ठेकेदाराची माणसं तुमची फरशी ओली करतील का?"

"ती कशाला करतील? त्यांना माझं स्वयंपाकघर कुठंय तेसुद्धा..."

मिसेस टटल तिथेच थांबल्या. तोंड उघडं, काठी हवेत. टेबलावरच्या घेवड्याचं झाकण वाफेने हललं. मग मागून एक बाई उठली. तिची तक्रार अशी, की बाळंतपणाला निघालो तेव्हा ड्वाइट इस्पितळापर्यंत पुढे रस्ता काढत गेला आणि सबंध वाटेत रेडिओवर गाणी लावली, तीही मोठ्याने. एकाची तक्रार, की त्याचा हरवलेला कुत्रा याने ट्रकच्या उजेडात शोधला आणि अजून ऐकवतो. एकेक जण तावातावाने उठे, सांगू लागे, आणि सांगता सांगता त्याचा ताव गळून पडे. ड्वाइट लाजून टोपी पिळत बसला होता; शिव्या त्याला आयुष्यात कधी इतक्या गोड लागल्या नव्हत्या.

मत आवाजी. ठरावाच्या बाजूने 'हो' म्हणाले ते गॉर्डन, आणि तेही घसा साफ करत. 'नाही' मात्र छपराला लागलं. त्यात सर्वांत वरचा सूर मिसेस टटल यांचा होता. आणि तो दुसऱ्याच कुणाचा असावा अशा नजरेने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जेवणाच्या वेळी त्यांनी न बोलता ओडेटबाईंच्या ताटात घेवडा वाढला, मग बाईंनी नको म्हणायच्या आत आणखी एक डाव.

प्रेस्टनना गावाकडून साधी, चौकोनी पेटी मंजूर झाली. ती त्यांनी घेतली आणि आपल्या हातांनी केशरी रंगवली.

आता खांब गाडायला जमीन वितळेपर्यंत थांबणं भाग होतं. टपालवाली रमोना पेटी नसलेल्या घरी पत्र टाकत नसे, नियमच तसा. म्हणून सगळ्या बीव्हर हिलने बादल्यांत वाळू भरली, त्यात दांडा रोवला, वर ठोकून सरळ केलेली पेटी बसवली, आणि बादल्या आपापल्या फाटकापाशी नेऊन ठेवल्या. दोनच दिवसांनी पुन्हा बर्फ झाला.

त्या सकाळी ओडेटबाई पायांची रिकामी भांडी परत करायला बीव्हर हिलवर चालत निघाल्या होत्या. रिकामी नव्हेत, रिकामं भांडं परत करायची रीत नाही, म्हणून प्रत्येकात थोडी बिस्किटं. रस्ता पाहून त्या थबकल्या. एवढा साफ रस्ता त्यांनी उन्हाळ्यातच पाहिला होता. ड्वाइटने प्रत्येक फाटकापाशी उतरून बादली उचलली होती, लेकरासारखी ट्रकमध्ये आपल्या शेजारी ठेवली होती, कडेपर्यंत रस्ता घासून काढला होता, आणि परतताना सगळ्या बादल्या जागच्या जागी उतरवल्या होत्या. निदान त्याला तसं वाटलं होतं. आता केशरी पेट्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्याला तो बिचारा काय करणार? मिसेस टटलच्या फाटकापाशी प्रेस्टनची पेटी होती, प्रेस्टनच्या फाटकापाशी मिसेस टटलची, आणि मधल्या सगळ्यांची खिचडी. रमोनाने पेटीवरचं नाव वाचून इमानदारीने टपाल टाकलं होतं.

पर्समध्ये फोन वाजला. गॉर्डन.

"ओडेट, बीव्हर हिलवर काहीतरी गोंधळ झालाय म्हणे. तक्रारी आल्या का तुमच्याकडे?"

बाईंनी वर पाहिलं. चढावरून मिसेस टटल घरातल्या सपाता घालून, काठी टेकत येत होत्या. काखेत प्रेस्टनचा मासेमारीच्या गळांचा कॅटलॉग. खालून प्रेस्टन येत होते. हातात मिसेस टटलच्या लोकरीचं पार्सल. त्यांच्या मागून आणखी कुणी, आणखी कुणाचं काही घेऊन. रस्त्याच्या मधोमध ती दोघं भेटली, वस्तूंची अदलाबदल झाली, तरी निघेनात. मिसेस टटल गळांकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या, आणि प्रेस्टन हात पसरून माशाची लांबी दाखवत होते. खाली काय आहे, पाय कुठे पडतो आहे, हे बघायची दोघांनाही गरज पडत नव्हती.

"नाही, गॉर्डन," ओडेटबाई म्हणाल्या. "सगळे रस्त्यावर गप्पा मारत उभे आहेत."